न आलेला हिवाळा

अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीने २००२ साली ‘फ्रंटियर हाउस’ ही मालिका दाखवली. तीन आधुनिक कुटुंबांनी मोंटानातल्या एका खोऱ्यात १८८३च्या वसाहतकऱ्यांसारखे पाच महिने राहायचे : लाकडी घर, चूल, गाई, भाजीचे वाफे. अखेरीस तज्ज्ञ ठरवणार, यांची बेगमी हिवाळाभर पुरली असती का? सरपणाचे ढीग पाहिले गेले. पण थंडी पडण्याआधीच सारे घरी परतले.

मला तो न आलेला हिवाळाच महत्त्वाचा वाटतो. लिंकनने १८६२ साली सही केलेल्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन नाममात्र शुल्कात मिळे; मात्र त्यासाठी पाच वर्षे तिथे राहून ती कसावी लागे. म्हणजे पाच हिवाळे काढायचे. अनेकांनी मध्येच दावा सोडला.

आणि जमीन रिकामी नव्हती, ती रिकामी करवली होती. बायसनांचे कळप संपले, सरकारी शिधा अपुरा पडला आणि १८८३-८४च्या हिवाळ्यात मोंटानातल्याच राखीव क्षेत्रात ब्लॅकफीट जमातीची शेकडो माणसे उपासमारीने मेली. मालिकेने निवडलेले साल नेमके हेच. सरपण मोजून तो हिवाळा मोजता येत नाही.