जोड

गेल्या दिवाळीत नामपूरला घरी गेलो होतो. सकाळची वेळ, ओट्यावर कोवळं ऊन, आबा चहा पीत बसलेले. खाली पायरीवर माझा पुतण्या आणि त्याचा मित्र मोबाईलमध्ये डोकं घालून भांडत होते. विषय बीजीएमआय. मित्राचं म्हणणं, "टीडीएम काय खेळतो रे, पोराटोरांचा खेळ तो. दम असेल तर क्लासिकमध्ये उतर." पुतण्याचं म्हणणं, "क्लासिकमध्ये वीस मिनिटं लपत फिरायचं आणि कुणीतरी मागून गोळी घालणार. त्यात कसला आलाय दम?"

ज्यांच्या घरात अजून हा खेळ शिरला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्लासिकमध्ये शंभर जण एका बेटावर उतरतात. मेला तो बाहेर, शेवटी उरेल तो जिंकला. टीडीएममध्ये चार विरुद्ध चार. मैदान छोटं, मेलात तरी काही सेकंदांत पुन्हा उभे. ज्या बाजूचे चाळीस बळी आधी होतील ती जिंकली, संपला डाव.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पण जोड कोण लावतं?"

पोरं हसली. मला मात्र तो प्रश्न पुण्याला परत येईपर्यंत, एसटीच्या सगळ्या रस्त्यात पुरला.

जोड म्हणजे काय हे यात्रेतली कुस्त्यांची दंगल पाहिलेल्यांना सांगायला नको. दुपारी हलगी वाजायला लागते. आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या, मग वाढत्या इनामाच्या, आणि दिवस कलताना शेवटची मोठी कुस्ती. प्रत्येक कुस्तीआधी पंच दोघांना शेजारी उभं करतात, अंगलट बघतात, वय विचारतात. जोड पटली तर हातात हात देतात. नाही पटली तर पैलवान मान हलवतो आणि बाजूला होतो. दुसरा कुणी पुढे येतो.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना मला असंच एका पोरासमोर उभं केलं होतं. माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच. मी मान हलवली. पंचांनी "जा" म्हटलं आणि मी गर्दीत येऊन बसलो. कुणी हसलं नाही. आबाही काही बोलले नाहीत. मला मात्र रात्रभर झोप नाही. पुढच्या वर्षी मी मान हलवली नाही. उतरलो, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पाठीला माती लागली. पण ती माती मी स्वतः पत्करलेली होती.

आता संगणकाच्या खेळांकडे येतो, कारण पुतण्याचं भांडण पंचवीस-तीस वर्षं जुनं आहे.

सप्टेंबर 1997मध्ये अमेरिकेतल्या ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीनं 'अल्टिमा ऑनलाइन' हा खेळ आणला. हजारो माणसं एकाच काल्पनिक राज्यात एकत्र नांदायची. कुणी सुतार, कुणी लोहार, कुणी खाणीत कुदळ मारणारा. गावात पहारेकरी होते, वेशीबाहेर कुणी नव्हतं. वेशीबाहेर कुणीही कुणालाही मारू शकत होता आणि मेलेल्याच्या अंगावरचं सगळं लुटू शकत होता. रिचर्ड गॅरियट हे या खेळाचे कर्ते, खेळातले राजे 'लॉर्ड ब्रिटिश'. खेळ बाजारात येण्याआधीच, चाचणीच्या काळात, ऑगस्ट 1997मध्ये एका खेळाडूनं भर सभेत त्या राजालाच मारलं. पुढं काय होणार याची ती नांदीच होती.

तासन्‌तास खाण खोदून लोखंड घेऊन येणाऱ्याला वाटेत टोळी गाठायची. कर्त्यांनी नाना उपाय केले. खुन्यांची नावं लाल अक्षरांत दिसतील असं केलं, इतरांच्या नजरेत त्यांची पत उतरेल अशी व्यवस्था केली. लुटारू त्यातूनही वाटा काढत राहिले. दरम्यान 1999च्या मार्चमध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला. त्यात बहुतेक ठिकाणी तुमची तयारी असल्याशिवाय दुसरा खेळाडू तुम्हाला मारू शकत नव्हता. लोक तिकडे धावले.

मग 2000 साली अल्टिमाच्या राज्याची चक्क दोन राज्यं झाली. खेळातल्या आकाशात दोन चंद्र होते, फेलुका आणि ट्रॅमेल. त्यांचीच नावं त्यांना दिली. नकाशा जवळपास तोच, फक्त फेलुकात जुना कायदा आणि ट्रॅमेलमध्ये संमतीशिवाय मारामारी बंद. झालं काय, बहुसंख्य माणसं ट्रॅमेलला निघून गेली आणि फेलुका ओस पडला. लुटारूंची तक्रार अशी, की खेळातला थरार गेला. मला यात गंमत वाटते ती अशी: लुटारू उरले होतेच की! त्यांनी एकमेकांशी लढायला काय हरकत होती? पण त्यातल्या बऱ्याच जणांना लढाई नको होती, सावज हवं होतं. खाणीतल्या माणसाला मान हलवायची सोय पहिल्यांदाच मिळाली होती, आणि त्यानं ती हलवली.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, चला, निकाल लागला, सुरक्षित खेळच बरा. थांबा. 

इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा 'रूनस्केप' हा खेळ. त्याच्या नकाशात उत्तरेला 'वाइल्डरनेस' नावाचा ओसाड मुलूख होता. तिथं गेलात तर जिवाची आणि सामानाची जबाबदारी तुमची. मात्र सीमा ठळक होती, ती ओलांडून जाणारा जाणूनबुजून जायचा. पुढं त्या मुलुखाचा भलताच उपयोग सुरू झाला. खेळातलं सोनं खऱ्या पैशाला विकणारे तिथं मुद्दाम मरायचे आणि 'मारणारा' म्हणजे गिऱ्हाईक ते सोनं उचलून न्यायचं. हा धंदा मोडायला कंपनीनं 10 डिसेंबर 2007 रोजी तिथली खुली लढाई बंद केली. बदल्यात आखीव-रेखीव खेळ दिले, टोळ्यांच्या लढतींसाठी वेगळं मैदान दिलं. खेळाडू कमालीचे नाराज झाले. तीन वर्षांनी कंपनीनं मतदान घेतलं. बारा लाखांहून अधिक मतं पडली, त्यातली 91 टक्के जुनी व्यवस्था परत आणा म्हणणारी. 1 फेब्रुवारी 2011ला ती परत आली.

म्हणजे एका खेळात लोक खुल्या लढाईतून पळाले आणि दुसऱ्या खेळात तिच्यासाठी मतं दिली. माणसं तीच, मग फरक कशाचा? माझ्या मते आबांच्या प्रश्नाचा. अल्टिमात जोड लागतच नव्हती, लागायची ती झडप. वाइल्डरनेसमध्ये सीमा ओलांडणं हीच हातमिळवणी होती.

पण हातमिळवणी म्हणजेच सगळं नव्हे, हे आपल्या शेजारचंच उदाहरण सांगतं. पांढुर्णा. मध्य प्रदेशात असलं तरी तिथं घराघरांत मराठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठाला पांढुर्ण्याचे लोक, दुसऱ्या काठाला सावरगावचे. झेंडा काढायला जाणाऱ्यावर समोरून दगडांचा मारा. हीच गोटमार. पळून जाणाऱ्या एका प्रेमी जोडप्यावर नदीत दगडफेक झाली, त्यातून ही रीत पडली असं सांगतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, माणसं दगावलीही आहेत. प्रशासनानं जमावबंदी लावून पाहिली, गोफणींवर बंदी घातली आणि दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. चेंडू बाजूला पडले, दगड परत हातात आले.

रबरी चेंडू म्हणजे पांढुर्ण्याचं टीडीएमच. ते का चाललं नाही? चेंडू लागला काय अन् न लागला काय, झेंड्याला किंमत उरत नाही असं खेळणाऱ्यांना वाटलं असावं. पण मी त्या दगडाची बाजू घेणार नाही. तिथं उतरणारा राजीखुशीनं उतरत असेल. दगड मात्र जोड बघत नाही. नदीत उतरलेला कोण, काठावर बघायला आलेला पोरगा कोण, त्याला कळत नाही.

म्हणून मला पुन्हा पुन्हा कुस्तीकडे यावंसं वाटतं. आपल्याकडच्या निकाली कुस्तीत वेळेचं बंधन नसे. चितपट होईस्तोवर, नाहीतर पंच बरोबरीत सोडवेपर्यंत. हार खरी, इनाम खरं, पण कान, डोळा, गळा यांना हात लावायचा नाही. शाहू महाराजांनी कोल्हापूरला खासबागचं मैदान बांधलं, 1912मध्ये ते पुरं झालं. त्याची बांधणीच अशी, की कुठंही बसलात तरी हौद्यातली कुस्ती दिसावी. लढाई उघड्यावर, हजारो डोळ्यांसमोर. दगाफटका करणाऱ्याला लपायला जागाच नाही.

बदल इथंही झाला, कुरकुरही झाली. 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीतले खाशाबा जाधव गादीवर उतरले आणि सहावे आले. गादीचे गुण, तिची घड्याळं सगळंच नवं. ते शिकून 1952ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. गादीला नावं ठेवणारे म्हातारे मी लहानपणी भरपूर पाहिलेत. त्यांना गुणांवरचा विजय म्हणजे अर्धा विजय वाटे. तरी महाराष्ट्र केसरीनं वाट काढली. माती आणि गादी असे दोन वेगळे गट, आणि दोन्हींकडचे विजेते शेवटी समोरासमोर. कुणाला कुणाच्या आखाड्यात ढकललं नाही.

असो. एसटीतून उतरल्यावर मी पुतण्याला फोन केला आणि विचारलं, "क्लासिकला जोड कोण लावतं, शोधलंस का?"

"कंपनी लावते काका. आपल्या रँकचेच समोर येतात म्हणे." मग जरा थांबून म्हणाला, "आबांना सांगा, मी उतरलो होतो काल. एकोणिसावा आलो."

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "रेवड्या द्या त्याला."