पानाच्या तळाशी सही

माझे वडील साताऱ्यात गवंडीकामाचे ठेके घेत. सहावीत असल्यापासून त्यांची हजेरीवही मी लिहायचे. शनिवारी संध्याकाळी ते ओसरीवर बसून एकेकाचं नाव पुकारत, मी किती रोज भरले ते वाचून दाखवी, पैसे हातात पडत, आणि शेवटी पानाच्या तळाशी ते सही करत. सही झाल्याशिवाय वही मिटायची नाही. इंग्लंडमधल्या हार्डविक हॉलच्या बांधकामाचे चारशे वर्षांपूर्वीचे हिशेब छापून निघालेत, असं चेस्टरफील्डला राहणाऱ्या भाचीनं सांगितलं, तेव्हा मी आधी ते पुस्तक मागितलं. वाडा नंतर पाहिला.

त्या हिशेबात गवंडी आहेत, पाथरवट आहेत, सुतार, गिलावेकरी, बिगारी आहेत. आणि पानांच्या तळाशी सही आहे मालकिणीची. तिचं नाव एलिझाबेथ, श्रूजबरीची काउंटेस. लोक तिला बेस ऑफ हार्डविक म्हणतात.

डर्बीशरमध्ये ज्या टेकडीवर हा वाडा आहे तिथंच, हार्डविकच्या जुन्या घरात, १५२७च्या सुमारास ती जन्मली. ती तान्ही असतानाच वडील गेले, वारस भाऊ लहान, त्यामुळे जमिनीचा ताबा काही वर्षं सरकारी पालकत्वाखाली गेला. पुढे तिची चार लग्नं झाली आणि चारही नवरे तिच्याआधी वारले. सगळे चरित्रकार या लग्नांवर पानंच्या पानं खर्च करतात. मला त्यातला दुसरा नवरा महत्त्वाचा वाटतो. सर विल्यम कॅव्हेंडिश हा राजदरबारी हिशेबतपासनीस होता. लग्नानंतरच्या काळातल्या त्यांच्या घरच्या हिशेबवह्यांत तिचं अक्षर सापडतं. १५५७ साली त्याच्याच सरकारी हिशेबात पाच हजार पौंडांहून जास्त तूट निघाली, आणि त्याच वर्षी तो वारला. ते देणं आणि मुलंबाळं तिच्या गळ्यात पडली. त्यानंतर तिनं आयुष्यभर कागदावरची नजर हलू दिली नाही, यात मला नवल वाटत नाही.

चौथा नवरा अर्ल ऑफ श्रूजबरी. स्कॉटलंडची कैदी राणी मेरी पंधरा वर्षं त्याच्या पहाऱ्यात होती, आणि त्या काळात बेस आणि मेरी शेजारी बसून भरतकाम करत. नवराबायकोचं मात्र इतकं फाटलं की चॅट्सवर्थचा आपण उभारलेला वाडा सोडून बेस माहेरच्या टेकडीवर परतली आणि १५८७ पासून तिथलं जुनं घर वाढवू लागली. १५९०च्या नोव्हेंबरात अर्ल वारला. त्याच सुमारास जुन्या घरापासून हाकेच्या अंतरावर नव्या वाड्याचा पाया पडला. जुन्याचं काम चालू असतानाच हे नवं काम! १५९७च्या ऑक्टोबरात ती तिथं राहायला गेली तेव्हा सत्तरीची होती.

मी वाडा म्हणते खरी, पण याला चौक नाही. त्याआधीची इंग्रज सरदारांची मोठी घरं बहुधा चौकाभोवती पसरलेली असत. हा मात्र एकसंध, उंच, सहा मनोरे असलेला ठोकळा. नकाशा रॉबर्ट स्मिथसनचा, असं मानतात; जवळच नॉटिंगहॅमचा वुलटन हॉलही त्यानंच रचला. जुन्या पद्धतीत मुख्य दिवाणखाना दर्शनी भिंतीला समांतर असे आणि माणूस त्याच्या एका टोकाकडून आत शिरे. इथे तो आडवा फिरवून नेमका मध्यावर, समोरून मागे जाईल असा ठेवलाय. दरवाजा मधोमध, दोन्ही बाजू सारख्या.

पण बाहेरून हा सारखेपणा साधायला आत किती खटाटोप! काही खिडक्या खोट्या आहेत: बाहेर काच, मागे भिंत. काही खिडक्यांमागे दोन बुटके मजले दडलेत. आणि एवढ्या काचा लावल्या तर शेगड्यांची धुराडी न्यायची कुठून? ती घराच्या पोटातल्या जाड उभ्या भिंतीतून वर नेलीत. ही भिंत इमारतीचा कणा आहे. भार तिनं घेतला म्हणून बाहेरच्या भिंतींना इतकं पोखरता आलं. मी त्या भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले.

आपल्याकडे वर जावं तसा मजला बुटका होतो. हार्डविकला उलट. तळमजला नोकरचाकरांचा आणि मुदपाकखान्याचा, मधला तिच्या राहण्याचा, आणि सर्वांत उंच छत, सर्वांत मोठ्या खिडक्या तिसऱ्या मजल्यावर, पाहुण्यांच्या मानमरातबाच्या दालनांना. रुंद दगडी जिना वळत, अंधार-उजेड करत तिथवर नेतो. तयार अन्नही याच जिन्यानं वर जाई. वरच्या महालात भिंतीच्या माथ्याशी गिलाव्यात कोरलेलं रंगीत अरण्य आहे, त्यात शिकारीची देवी डायना बसलीय. हे काम अब्राहम स्मिथचं. असा थाट राणी एलिझाबेथसाठीच असावा. ती कधीच आली नाही.

दगड याच टेकडीतून निघाला. काच बेसच्या स्वतःच्या भट्टीची, शिसं तिच्या खाणींचं, लाकूड तिच्या रानांचं. भिंती बांधायचं काम जॉन आणि क्रिस्टोफर रोड्स या गवंड्यांनी फुटावर, उक्तं घेतलं होतं. उक्तं काम पाहणाऱ्याला मापावर डोळा ठेवावाच लागतो, नाहीतर बिलात फूट वाढतात.

एवढ्या काचेची किंमत थंडीनं वसूल केली. १६०१ साली घरातल्या चीजवस्तूंची यादी केली, त्यात बेसच्या निजायच्या खोलीत खिडकीवर आणि दारावर टांगायला जाड पांघरुणं नोंदलेली आहेत. दिवसा साऱ्या मुलुखाला दिसणाऱ्या या खिडक्यांवर रात्री म्हातारी बाई घोंगड्या लावून झोपत होती.

सुमारे एकशे साठ फुटांच्या लांब दालनात बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे तेरा विणीव भिंतपट टांगलेत. ते सर क्रिस्टोफर हॅटन या दरबाऱ्यासाठी विणले होते. तो कर्जात मेला, तेव्हा १५९२ साली बेसनं ते तीनशे सव्वीस पौंडांना उचलले. त्यावर हॅटनची चिन्हं होती. ती झाकून आपली लावावी लागतील म्हणून तिनं किमतीतून पाच पौंड कापून घेतले. हॅटनची हरिणी होती, तिला शिंगं चढवून कॅव्हेंडिशांचं नर हरीण केलं. १९९९च्या सुमारास या पटांची डागडुजी सुरू झाली, ती चोवीस वर्षांनी, २०२३ साली पुरी झाली.

बेस १६०८च्या फेब्रुवारीत वारली. वंशजांनी चॅट्सवर्थ हे मुख्य ठाणं केलं आणि तिकडे पिढ्यांनी पाडापाड, बांधाबांध केली. हार्डविक दुय्यम ठरलं म्हणून बचावलं. १९५० साली घराण्यावर पडलेल्या वारसाकरापोटी ते सरकारकडे आणि १९५९ साली नॅशनल ट्रस्टकडे गेलं. तिथं राहणाऱ्या शेवटच्या डचेस एव्हलिन हे जुने पट स्वतः हातात सुई घेऊन सांधत असत.

मनोऱ्यांच्या माथ्यावर, आकाशाला लागून, दगडात कोरलेली ‘ई’ आणि ‘एस’ ही तिची आद्याक्षरं आहेत. ती कित्येक मैलांवरून दिसतात. मला मात्र त्या पुस्तकातली एक ओळ सारखी आठवते. टॉमस ॲक्रेस या संगमरवरी कामाच्या कारागिरानं काळा दगड कापायचं यंत्र जुळवलं. बेसनं त्याच्या बायकोला झग्यासाठी पैसे दिले आणि नवऱ्याच्या यंत्राबद्दल म्हणून ते वहीत मांडले. वडिलांच्या वहीतही बायका अशाच असत: कोंडिबाची बायको, रामाची आई. शाळा संपताना मी त्यांची नावं विचारून लिहायला लागले होते. ॲक्रेसच्या बायकोचं नाव मी त्या पानावर बोट फिरवून शोधलं. तिथं फक्त ॲक्रेसची बायको आहे, आणि पुढे रक्कम.