पाळीचा धडा शाळेत केव्हा?

शब्दांशी माझा रोजचा व्यवहार, म्हणून शब्दांपासूनच सुरुवात करते. वाड्यांमधून 'कावळा शिवला' म्हणत. आमच्या मोहल्ल्यात 'नमाज माफ आहे' म्हटले की बायकांना उमजे. पाळीसाठी असे आडपडद्याचे शब्द पुष्कळ. पण पाळीतले कोणते दुखणे नेहमीचे आणि कोणते आजाराचे, हे मुलींना कोणी सांगितले नाही. 'बाईच्या जातीला सोसावेच लागते,' एवढ्यावर विषय मिटे.

हे मौन मोडण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. लैंगिक प्रश्नांना ते सरळ उत्तरे देत. त्याबद्दल १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे हरले, मासिक मात्र १९५३ पर्यंत, त्यांच्या निधनापर्यंत चालले.

शाळेच्या दाराशी विषय पुन्हा अडला. २००७ साली विधिमंडळातल्या विरोधानंतर राज्याने लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. २०१८ मध्ये 'अस्मिता' योजनेतून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींसाठी पाच रुपयांत सॅनिटरी पॅडचे पाकीट आले. तरीही २०२२ च्या जुलैत आपल्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतून तक्रार आली, की पाळी असलेल्या मुलींना झाडे लावू दिली नाहीत. झाड जगणार नाही, असे कारण दिल्याचा आरोप होता.

पॅड मिळाला, तरी किती रक्त जाणे जास्त, हे त्यावर लिहिलेले नसते. हे न कळण्याची किंमत मोठी असू शकते. फिनलंडचे डॉक्टर फॉन विलेब्रांट यांनी १९२६ साली ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबाची हकीगत छापली. त्यातली एक मुलगी तेराव्या वर्षी, चौथ्याच पाळीत रक्तस्रावाने दगावली होती. रक्त नीट न गोठण्याच्या त्या आनुवंशिक आजाराला आज त्यांचेच नाव आहे आणि त्यावर औषधोपचारही आहेत.

पहिली दोन-तीन वर्षे पाळी मागेपुढे होते, त्यात घाबरण्यासारखे नाही. पण रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालला, तासा-दोन तासांला पॅड भिजू लागला, तीन महिने पाळीच आली नाही, किंवा दुखण्यापायी दर महिन्याला शाळा बुडू लागली, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नसेल, तरीसुद्धा.

पाळी बहुधा सहावी-सातवीत येते. मग हे दहावीपर्यंत कशाला थांबवायचे? तेव्हाच सांगावे, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलांनाही सांगावे.