सेल्डिंगर, स्वेन-इव्हार

सेल्डिंगर, स्वेन-इव्हार : (१९ एप्रिल १९२१ – २१ फेब्रुवारी १९९८). स्वीडिश क्ष-किरणतज्ज्ञ. धमनीत नळी सरकवण्याची त्यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत त्यांनी १९५३ मध्ये ‘अ‍ॅक्टा रेडिओलॉजिका’तल्या नऊ पानी निबंधात मांडली. नुसते निबंध मोजायला बसले, तर त्यांची कारकीर्द बेताचीच भरते. पण हा एक निबंध सात दशके उद्धृत होत आला आहे आणि त्याची उद्धरणे हजारांच्या घरात आहेत.

जन्म डालार्ना प्रांतातल्या मोरा गावी. घरी पिढ्यान्‌पिढ्यांचा यंत्रशाळेचा व्यवसाय. वैद्यकीय शिक्षण स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये झाले आणि तिथल्याच क्ष-किरण विभागात असताना त्यांना धमनीचित्रणाची अडचण जवळून दिसली. त्या काळी नळी सुईच्या पोकळीतूनच आत घालावी लागे. साहजिकच सुई नळीपेक्षा जाड हवी. म्हणजे धमनीला पडणारे भोक मोठे आणि रक्तस्रावाचा धोकाही मोठा. दुसरा मार्ग म्हणजे शस्त्रक्रिया करून धमनी उघडी करणे.

सेल्डिंगर यांनी साधनांचा नुसता क्रम बदलला. आधी बारीक सुई टोचायची. तिच्यातून लवचीक टोकाची तार धमनीत सोडायची. मग जागेवर बोट दाबून धरत सुई काढून घ्यायची, तारेवर पॉलिथिनची नळी ओवून ती आत सरकवायची आणि शेवटी तार ओढून घ्यायची. नळीची जाडी सुईइतकीच असल्याने भोक बुजलेले राहते. एक फसलेला प्रयत्न झाल्यावर सुई, तार आणि नळी हातात घेऊन उभे असताना हा क्रम क्षणात सुचला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. पहिल्याच रुग्णाच्या दंडातल्या धमनीतून घेतलेल्या एकमेव चित्रात छातीच्या पोकळीतली परावटू ग्रंथीची गाठ दिसली. शल्यचिकित्सकाला ती आधी शोधूनही सापडली नव्हती.

१९५२ च्या जून महिन्यात हेलसिंकीच्या परिषदेत ही पद्धत सांगितली गेली आणि पुढच्या वर्षी छापून आली. एवढ्यावर डॉक्टरेट मिळायला हरकत नसावी, असे आज कोणालाही वाटेल. विभागप्रमुखांना मात्र हा मजकूर प्रबंधाला अपुरा वाटला! अखेर सेल्डिंगर यांनी यकृतातून सुई घालून पित्तनलिकांचे चित्रण करण्याच्या विषयावर १९६६ मध्ये प्रबंध सादर केला. तो कामाचा होता, पण नाव झाले ते आधीच्या नऊ पानांनी. १९६७ मध्ये ते मोराला परतले आणि निवृत्तीपर्यंत तिथल्या रुग्णालयाचा क्ष-किरण विभाग सांभाळत राहिले. न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिनने १९७५ मध्ये त्यांना व्हॅलेंटाइन पुरस्कार दिला.

अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये पायाची तुंबलेली धमनी नळीने मोकळी केली. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला. दोघांच्याही कामाला त्वचेवरच्या छिद्रातून धमनीत शिरण्याचा हाच रस्ता उपयोगी पडला.

प्रभाव मोजण्याच्या आजच्या मापात मात्र असा संशोधक नीट बसत नाही. जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक वीस यायचा, तर किमान वीस-वीस उद्धरणे असलेले वीस निबंध लागतात. एकाच निबंधाला पाच हजार उद्धरणे मिळाली, तरी त्या निबंधापुरती भर पडते ती एकाचीच. सातत्याने लिहिणाऱ्याला हा निर्देशांक न्याय देतो. एकदाच, पण मुळातले लिहिणाऱ्याला देत नाही.

दुसरी गळती याहून मोठी आहे. एखादी कल्पना रोजच्या वापरात इतकी मुरते, की मूळ निबंधाचा हवाला देणेच थांबते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराची नोंद केली होती. मुंबई-पुण्याच्या आयसीयूत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकणारा निवासी डॉक्टर ‘सेल्डिंगर टेक्निक’ असे सहज म्हणतो. शोधनिबंधांतही नुसते नाव येते आणि संदर्भसूचीत १९५३ चा उल्लेख नसतो. त्यामुळे डेटाबेसमध्ये मूळ निबंधाची उद्धरणे पाहून थांबू नये. मजकुरात ‘सेल्डिंगर’ हा शब्द वेगळा शोधावा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच या कामाचा पल्ला ठरवावा.