बैजूचा आवाज

जव्हारहून मोखाड्यावरून त्र्यंबकची वाट धरली, म्हणजे घाट चढून माणूस नाशिकास पोहोंचतो. त्या नाशिकांत २८ मे १९२१ रोजीं जन्मलेल्या एका गवयाविषयीं आज बोलावयाचें आहे. निमित्त आहे विजय भट्ट यांच्या ‘बैजू बावरा’ या १९५२ सालच्या बोलपटाचें. त्यांतील अखेरच्या दरबारी सामन्यांत बैजूच्या मुखीं जो आवाज घातला आहे, तो पंडित दत्तात्रेय विष्णु पलुस्करांचा. तानसेनासाठीं गाइले आहेत उस्ताद अमीर खां.

इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यानें अशा रंगलेल्या मैफलींत सनावळी काढूं नये, हें मला समजतें. पण संवय जात नाहीं. तानसेन अकबराच्या दरबारीं आला १५६२ च्या सुमारास. बैजूचें नांव परंपरेनें जोडलें जातें तें ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराशीं, आणि तो राजा १५१६ सालींच वारला. अबुल फजलानें ‘आईने अकबरी’त दरबारच्या गुणीजनांची यादी दिली आहे, तींत तानसेन पहिला आहे, बैजू मुळींच नाहीं. शिवाय त्या काळीं दरबारांत मान होता धृपदाला. पडद्यावर ऐकूं येतो तो ख्याल खरा भरास आला महंमदशहाच्या अमदानींत, म्हणजे अठराव्या शतकांत.

तेव्हां सामना काल्पनिक. परंतु कथेंतील सल काल्पनिक नाहीं. तानसेनाच्या वाड्यापुढें गाण्यास मनाई असते. त्या झटापटींत बैजूचा बाप मरतो, आणि मुलगा सूड घेण्यास निघतो. गाणें कोणाचें, दरबाराचें कीं रस्त्यानें गात जाणाऱ्याचें, हा तो प्रश्न. आमच्या जव्हारांतही १९४८ पर्यंत मुकणे राजांचा दरबार होता. तारपा मात्र दरबाराची वाट न पाहतां पीक घरीं आल्यावर पाड्यापाड्यांतून घुमत आला आहे. रागदारीला तें भाग्य नव्हतें. तिला राजाश्रय लागे, आणि आश्रयाबरोबर मर्जीही संभाळावी लागे.

ही कोंडी ज्यांनीं फोडली, त्यांत दत्तात्रेयांचे वडील विष्णु दिगंबर अग्रभागीं होते. कुरुंदवाडास १८७२ सालीं जन्म. लहानपणीं दारूकामानें डोळे अधू झाले. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं ग्वाल्हेरची तालीम. संस्थानाचा आश्रय त्यांना होता, पण तो सोडून ते बाहेर पडले, आणि ५ मे १९०१ रोजीं थेट लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. तें चाललें लोकांच्या वर्गणीवर. गृहस्थांच्या मुलामुलींनीं उजळ माथ्यानें गाणें शिकावें, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. बैजूला पडद्यावर जें तलवारीच्या धाकाखालीं मिळवावें लागतें, तें या मनुष्यानें फळा, खडू आणि पावतीपुस्तक घेऊन मिळविलें. आणि बैजूला दरबारांत जिंकविण्यासाठीं संगीतकार नौशाद यांनीं आणला तो त्यांच्याच मुलाचा गळा!

सामना देसी रागांत आहे. अमीर खांसाहेबांचा स्वर खोल, धीमेपणानें उमलणारा. पलुस्करांचा स्वच्छ, निर्मळ, शब्द न्‌ शब्द स्पष्ट. कथेसाठीं तानसेनाला हरावें लागतें, संगमरवर वितळावा लागतो. डोळे मिटून ऐकावें. कोण हरला, तें कानांना सांगतां येत नाहीं.

गंमत अशी कीं, त्याच १९५२ सालीं नभोवाणीखातें बाळकृष्ण केसकरांकडे आलें. त्यांना शास्त्रीय संगीताचा अभिमान. म्हणून आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. रागदारी घरोघर नेणारा बोलपट निघावा तोही नेमका तेव्हांच! केसकरांचा हेतु चांगला होता. पण दाराआड कोण उभें आहे, हें पाहण्याची त्यांना जरा घाईच झाली, असें मला वाटतें.

वडील गेले तेव्हां दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते. पुढील तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनीं दिली. ‘बैजू बावरा’ झळकला तेव्हां त्यांचें वय एकतीस होतें. २६ ऑक्टोबर १९५५ रोजीं, पस्तिशीही न गांठतां, ते निवर्तले. अमीर खां पुढें १९७४ पर्यंत होते.