पेढीवरचे हत्यार

चीनमधल्या व्यापारी संघांची एक जुनी रीत होती. एखाद्या व्यापाऱ्याने शब्द मोडला की संघातले सारे जण त्याच्याशी देणेघेणे थांबवत. दावा नाही, दंगा नाही. चार दिवस माल पडून राहिला की तो आपसूक तडजोडीला येई.

1905 साली ही रीत पेढीबाहेर पडली. अमेरिकेने 1882 पासून चिनी मजुरांना दारे बंद केली होती. तिथल्या बंदरांत उतरणाऱ्या व्यापाऱ्यांची आणि विद्यार्थ्यांचीही मानखंडना होई. शांघायच्या व्यापाऱ्यांनी मे महिन्यात दोन महिन्यांची मुदत दिली आणि 20 जुलैला बहिष्कार पुकारला. अमेरिकन रॉकेल, पीठ, कापड, सिगारेटींना गिऱ्हाईक मिळेना. ऑगस्टअखेर चिंग दरबारानेच विरोधात फर्मान काढले आणि चळवळ हळूहळू ओसरली.

पण परकीयांच्या मनात धास्ती बसली ती बसलीच. परकीयांविरुद्धचे 1900 चे बॉक्सर बंड आठ देशांच्या फौजांनी चिरडले होते. माल न घेणाऱ्यावर तोफ कशी डागणार?

वीस वर्षांनी तेच हत्यार पुन्हा बाहेर आले. 30 मे 1925 रोजी शांघायच्या नानजिंग रस्त्यावर ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकमावरून शीख आणि चिनी शिपायांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. 23 जूनला कँटनमध्ये शामीन या परकीय वसाहतीसमोर पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. जूनमध्येच सुरू झालेल्या संपाने मग ब्रिटिश हाँगकाँग पुरते थांबले. सुमारे अडीच लाख कामगार घरदार आवरून कँटनकडे निघून गेले. तिथे संपसमितीने त्यांच्या राहण्याजेवणाची सोय केली. तिची पथके हाँगकाँगला जाणारे धान्य, भाजीपालासुद्धा अडवत. व्यापार इतका खचला की लंडनला 30 लाख पौंडांचे कर्ज द्यावे लागले.

हाँगकाँगचे गव्हर्नर स्टब्स यांना या सगळ्यामागे बोल्शेविकांचा हात दिसत होता. रशियन सल्लागार कँटनमध्ये होते, हे खरेच. पण संपकऱ्यांच्या मागण्या नीट वाचल्या तर दुखणे हाँगकाँगमध्येच सापडते: कायद्यापुढे समानता, आठ तासांचा दिवस, घरभाड्यात कपात, हवे तिथे राहण्याचा हक्क. ‘पीक’ या थंड हवेच्या टेकडीवर 1904 च्या कायद्याने नोकरचाकर सोडून चिनी माणसाला राहायला बंदी होती. टेकडीवरच्या बंगल्यांतून मॉस्को दिसत होते, पायथ्याची चाळ दिसत नव्हती.

ऑक्टोबर 1926 मध्ये हाँगकाँगवरचा बहिष्कार उठला. पण जानेवारी 1927 मध्ये हँकोची ब्रिटिश वसाहत हातची गेली आणि शांघाय वाचवायला ब्रिटिश फौज निघाली. तिच्यात भारतीय पलटणीही होत्या. त्याच वर्षअखेरीस मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाने भारतीय सैनिक चीनला पाठवण्याचा निषेध केला.