ब्रह्मनाळची बोट

जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले. धुक्यात वेग कमी करा, दर दोन मिनिटांच्या आत भोंगा द्या. बारा मीटरपेक्षा लहान बोटीनंही निदान काहीतरी आवाज करत राहायचं.

पण मी सांगलीचा. बोट म्हटलं की मला पूर आठवतो. ८ ऑगस्ट २०१९. साताऱ्यात कराडला कोयना पोटात घेऊन आलेल्या कृष्णेनं पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ वेढलं होतं. ग्रामपंचायतीच्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली. बोट उलटली, डझनाहून जास्त जीव गेले.

१८ डिसेंबर २०२४. एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ जण गेले. धुकं नव्हतं, लख्ख दुपार होती. तिथंही माणसं जास्त आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नाही.

म्हणजे भोंग्याच्याही आधीचा नियम काठावरचा आहे. माणसं मोजा, जॅकेट घाला, मग दोर सोडा. पाणी दारात आल्यावर शेजारच्या आजीला 'तुम्ही उतरा' कोण म्हणणार? म्हणून आकडा उन्हाळ्यातच बोटीवर ठळक रंगवून ठेवा.